वरून प्यायलेलं पाणी

“सुटली गं एकदाची...” सरलामावशींच्या नवऱ्याचा, दानीएलकाकांचा, फोन आला तेव्हा मी शिकागोतल्या माझ्या खोलीत कोट चढवून फार्मसीच्या वर्गाला निघाले होते. ‘सुटली’ हा शब्द मला लहानपणापासून आवडत नाही. नागपूरला आमच्या घरी पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. वडील छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि वस्तीत वाटायचे. त्या पत्रकांतली सुटका जिवंत माणसांची असायची. मेल्यावर कसली आलीय सुटका, यावरून मी कितीतरी जणांशी भांडले आहे. पण सरलामावशींना अन्ननलिकेचा कॅन्सर होता, आणि शेवटी शेवटी पाण्याचा घोटही खाली उतरत नव्हता. शेवटच्या भेटीत मी कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले केले होते. म्हणून त्या सकाळी मी वाद घातला नाही. “हो काका, सुटल्या,” एवढंच म्हटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि त्याबद्दल मला अपराधीही वाटलं नाही.

याला आता दीड महिना होऊन गेला. मावशींबद्दल लिहायला बसले की मनात त्यांच्या अंत्यविधीचा प्रसंगच आधी येतो. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं त्यांचं चर्च भरलं होतं, बाहेर बर्फ होता, आणि नव्यानं आलेले तरुण पाळक मनापासून बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, “सरला आफ्रिकेत गेली आणि तिनं तहानलेल्यांना पाणी दिलं.” मी बाकाची कड घट्ट धरली. झांबियाला मी मावशींबरोबर होते. तिथं पाणी कुणी दिलं आणि कुणी घेतलं हे मला माहीत होतं. हे वाक्य आता कायमचं चिकटणार, मावशींचा दयाळू पुतळा होणार, आणि त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्या पुतळ्याखाली गाडली जाणार, असं वाटून माझा जीव कासावीस झाला. मी ना त्या मंडळीची, ना त्या धर्माची. उठून बोलण्याचा मला काय अधिकार? मी घुटमळत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून दानीएलकाका हळूच उभे राहिले...

मावशींची आणि माझी ओळख कोटांच्या खोलीत झाली. महाराष्ट्र मंडळानं संक्रांतीच्या कार्यक्रमाला सत्यनारायण घातला होता. आरती सुरू झाली तशी मी सभागृहातून बाहेर पडले आणि सगळ्यांचे कोट टांगलेल्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथं खुर्चीवर एक पन्नाशीच्या बाई तिळगूळ खात बसल्या होत्या. “तू पण?” त्यांनी विचारलं. “मी बौद्ध आहे,” मी म्हटलं. “मी ख्रिस्ती. आमचा सलाम.” “जय भीम.” त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, मीही त्यांचं विचारलं नाही. अमेरिकेत भेटलेल्या मराठी माणसानं पहिल्या पाच मिनिटांत आडनाव न विचारण्याची ती पहिलीच वेळ. आत टाळ्यांचा गजर चालला होता. मावशी म्हणाल्या, “बस. पाच आरत्या आहेत. ह्या लोकांना कुठली पाठ नसते, पण सोडत एकही नाहीत.”

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, इथं हॉस्पिटलात नर्स. त्यानंतर शनिवारी मी शिकागोहून गाडी पकडून त्यांच्याकडे जायला लागले. जेवायला आणि भांडायला. त्यांची आजी ज्या वस्तीतली, तशाच वस्तीतले आम्ही. तिनं एक वाट धरली, आम्ही दुसरी. आजी प्रवचन ऐकून ख्रिस्ती झाली नाही, असं मावशी सांगायच्या. विहिरीवर तिला ओंजळ धरून उभं राहावं लागायचं आणि वरचे लोक लांबून पाणी ओतायचे. मिशनच्या मडमेनं मात्र स्वतःच्या पेल्यातलं पाणी पुढं केलं. “एका पेल्यावर धर्म बदलला?” मी टोचून विचारलं. “तुमच्या लोकांनी एका तळ्यावरच लढा मांडला ना? पाण्यावरून हसू नकोस, बाई.”

मग चर्चची टीम झांबियातल्या एका खेड्यात गोवराची लस टोचायला जाणार असं ठरलं, आणि आमचं भांडण पेटलं. “म्हणजे इंजेक्शन देणार आणि सोबत येशू देणार,” मी म्हटलं.

“इंजेक्शन सगळ्यांना. येशू मागेल त्याला.”

“आणि नाही मागितला तर?”

“तर नुसतं इंजेक्शन. तुझे वडील पत्रकं वाटतात, ते कुणी मागितल्यावर देतात का?”

मी मिशनवाल्यांविरुद्ध पत्रक काढणार होते, मथळासुद्धा ठरला होता. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, असं त्यात पहिलंच वाक्य होतं. आजही त्यातला एक शब्द बदलावा असं मला वाटत नाही. मावशींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “वाक्य खरं आहे. पण बघून लिही.” टीममधल्या एका माणसानं ऐनवेळी कॅन्सल केलं होतं. औषधांच्या बाटल्या सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. एका आठवड्यात मी त्या जागेवर होते. चर्चमधल्या लोकांना मी आधीच सांगून टाकलं की मी प्रार्थनेला डोळे मिटणार नाही. “उघडे ठेव,” मावशी म्हणाल्या, “बर्फाच्या पेटीकडे कुणीतरी बघायला हवं.”

त्या पेटीवरच सगळं अवलंबून होतं. लस थंड राहिली तरच उपयोगाची, आणि पेटीतला बर्फ थोड्याच दिवसांचा सोबती होता. त्या भागात आदल्या वर्षी गोवरानं मुलं गेली होती. मावशींचा धाकटा भाऊ लहानपणी गोवरानंच गेला होता. हे त्यांनी मला विमानात सांगितलं, जेवणाचा ट्रे पुढे असताना.

गावात पोचलो त्या दुपारी बायका गात पुढं आल्या. सगळ्यांत वयस्कर बाईला सगळे अंबुया म्हणत, म्हणजे आजी. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन त्या गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो पाहुण्यांपुढे धरला. आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की उकळलेल्या पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. म्हणून बाकीच्यांनी हसून, हात जोडून नको म्हटलं. मावशींना ते बघवेना. त्या पुढं झाल्या, तुंबा घेतला, मान मागं टाकली आणि वरून धार धरून घटाघटा प्यायल्या. ओठ लागू दिला नाही. एक थेंब सांडला नाही. आपल्याकडे यापेक्षा चांगलं वळण ते कोणतं? दहा जणांचं भांडं, ते उष्टं करू नये. मलाही त्यांचा अभिमान वाटला.

गाणं थांबलं होतं. आम्हाला वाटलं, संपलं असेल.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडून आम्ही बसलो आणि कुणी आलं नाही. दुपार झाली तरी कुणी नाही. टीममधला एक जण म्हणाला, सुईला घाबरतात. दुसरा म्हणाला, अंधश्रद्धा असणार. मी मनात म्हटलं, बहिष्कार आहे, आणि बरोबरच आहे. मावशी पेटीचं झाकण न उघडता वरूनच हात फिरवत होत्या, जणू आत ताप आलेलं मूल होतं. शेवटी गावातले फिरी नावाचे मास्तर आले, आमचं बोलणं तेच भाषांतर करून सांगायचे. ते मावशींकडे न बघता म्हणाले, “इतरांनी नाही म्हटलं, ते ठीक आहे. नाही म्हणजे नाही. पण या बाईंनी पाणी घेतलं आणि तोंड लांब ठेवलं. बाजाराच्या गावी एक इंडियन दुकानदार आहे. आमच्या माणसांना तो पेला देत नाही, हातावर वरून पाणी ओततो. बायका म्हणतात, ही त्याच्याच घरची.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मराठीत, फक्त मला म्हणाल्या, “प्रज्ञे, ऐकलंस? माझ्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सवर्ण समजलं.” त्या हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा उतरला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मास्तरांना आम्ही समजावायला गेलो तर शब्दच सापडेना. उष्टं याला इंग्रजीत काय म्हणायचं? मी म्हटलं, तोंड लागलेलं. मास्तर म्हणाले, “मग? पेल्याला तोंड लागतंच.” मी म्हटलं, घाण नाही, पण... पण काय? त्या ‘पण’च्या मागे जे होतं ते आमच्या आज्यांनी भोगलं होतं. मी पत्रकांवर वाढले, शिवाशीव कशी टिकते यावर तासभर बोलू शकते. तरी मला हे कुठे छापलेलं दिसलं नव्हतं, की जिनं ती सोसली तिच्याच नातीच्या मानेत ती चांगलं वळण होऊन बसते.

“राहू दे,” मावशी म्हणाल्या, “हे सांगण्यासारखं नाहीये. चल.”

अंबुया घरासमोर मका निवडत बसल्या होत्या. मावशी त्यांच्या पुढ्यात मातीवर बसल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, “मला तहान लागलीय, एवढंच सांगा.” मास्तरांनी सांगितलं. अंबुया मका निवडत राहिल्या. बऱ्याच वेळानं उठल्या, आत गेल्या, तुंबा भरून आणला. या वेळी गुडघे टेकले नाहीत. मावशींच्या डोळ्यांत बघत त्या आधी स्वतः प्यायल्या, सावकाश, आणि मग तुंबा पुढं केला. मावशींनी तो फिरवून घेतला. अंबुयांचे ओठ लागलेली जागा ओलसर होती, तिथंच ओठ लावून त्या प्यायल्या. पाणी हनुवटीवरून ओघळून साडीवर सांडलं, कारण अशा भांड्याला तोंड लावून प्यायची सवय कुणाला होती? अंबुया काहीतरी पुटपुटल्या. मास्तर पहिल्यांदा हसले. “त्या म्हणतात, एवढी मोठी झाली, पाणी पिता येत नाही.”

मावशींनी तुंबा माझ्याकडे दिला. “घे. उष्टं आहे.” आणि मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता व्हरांड्याबाहेर बायकांची रांग होती. सगळ्यांत पुढे अंबुया, कडेवर नात. पेटी उघडली तेव्हा बर्फाचे तुकडे अजून खुळखुळत होते. तो आवाज ऐकून मावशी मटकन खाली बसल्या, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटल्या. मी डोळे उघडे ठेवले होते, तरी माझ्याही तोंडून सुस्कारा सुटला. लस पुरली, वाया गेली नाही. पाण्यानं मात्र आम्हा दोघींच्या पोटाला आपला हिसका दाखवलाच. डॉक्टर रागावले. अंबुयांनी कसल्याशा पाल्याचा काढा पाठवला आणि निरोप दिला की पिणारी शिकली, आता पोटालाही शिकवा. मावशी पोट धरून हसत होत्या, आणि हसल्यावर पुन्हा पोट धरत होत्या.

निघताना अंबुयांनी तो तुंबा मावशींना दिला. शिकागो विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, “माझा पेला.” माझं पत्रक मी काढलं. पहिलं वाक्य तेच ठेवलं, त्याच्यापुढे हा प्रसंग लिहिला. मावशींनी त्याच्या प्रती चर्चच्या दारात स्वतः वाटल्या, न मागणाऱ्यांनासुद्धा.

...तर त्या दिवशी दानीएलकाका पहिल्या रांगेतून उभे राहिले. पाळक थांबले. काकांचा आवाज मुळातच हळू, पण चर्च इतकं शांत झालं होतं की शेवटच्या बाकावरही ऐकू आलं असेल. “माफ करा, पाळकसाहेब. तिनं पाणी दिलं नव्हतं. तिनं ते घेतलं होतं. त्या लोकांनी तिला दिलं.” एवढं बोलून ते बसले. तरुण पाळक क्षणभर गोंधळले. मग त्यांनी समोरचे कागद बाजूला केले आणि म्हणाले, “मग मला नीट सांगा, कुणीतरी.” काकांनी मागं वळून माझ्याकडे बोट दाखवलं. मी, डोळे न मिटणारी बौद्ध पोरगी, चर्चमध्ये उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. उष्टं हा शब्द मी मराठीतच म्हटला आणि पुढं गेले. कुणी अडवलं नाही. खाली बसले तेव्हा सकाळपासून आवळलेली माझी मूठ उघडली होती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काका आणि मी मावशींच्या स्वयंपाकघरात बसलो. नळाशेजारच्या खिळ्यावर तुंबा तसाच टांगलेला होता, काठाला मावशींच्या ओठांनी गुळगुळीत झालेला. झांबियाहून आल्यापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शेजारचा अमेरिकन असो की मंडळातल्या पाच आरत्यावाल्या काकू, मावशी त्यातूनच पाणी द्यायच्या, आधी स्वतः घोट घेऊन. काही जण प्यायचे. काही जण तहान नाही म्हणायचे, आणि मावशी त्यांना चहा करून द्यायच्या. शेवटचे काही महिने मात्र त्यांना त्यातून पिता आलं नव्हतं, आणि तो कोरडाच लटकत होता.

काका उठले. त्यांनी तो खिळ्यावरून काढला, विसळला, नळाखाली भरला. काठाला तोंड लावून ते दोन घोट प्यायले, थोडं शर्टावर सांडलं. मग तो माझ्यापुढे धरला.

“घे,” ते म्हणाले. “उष्टं आहे.”