देवजींनी बदललेला शेवट

शिरवणे गावचे देवजी भोईर चाळिशी उलटल्यावर वाशीच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागले. नव्या शहरासाठी शेती सरकारकडे गेली होती, पण हाताला बांध घालायची सवय होती. त्यामुळे बास्केटबॉलच्या मैदानावर फक्कीच्या रेघा माराव्यात तर देवजींनीच. मुलांचा खेळ बघता बघता त्यांना नियमही कळू लागले. खेळाच्या सरांची शिट्टी तोंडात जाईपर्यंत हे कडेने ओरडून मोकळे, ‘‘फाऊल हाय!’’

चौऱ्याऐंशीच्या गणपतीत शाळेतल्या नंदकुमार सरांनी सेक्टरच्या मंडळासाठी बापलेकांचं नाटक लिहिलं. स्वतःला खेळायला मिळालं नाही म्हणून बाप मुलाला बास्केटबॉलमध्ये घालतो. अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी चेंडू मुलाच्या हातात असतो. तो मोकळ्या उभ्या दोस्ताला पास देतो, दोस्ताचा नेम चुकतो आणि संघ हरतो. मग बाप मैदानात येऊन म्हणतो, ‘‘माझ्या घरात हरणाऱ्याला जागा नाही,’’ आणि पाठ फिरवतो. पडदा.

आठ दिवसांवर प्रयोग आला आणि बापाचं काम करणाऱ्या बँकेतल्या साहेबांची नागपूरला बदली झाली. सर डोकं धरून बसले. तालमीच्या खुर्च्या मांडणाऱ्या देवजींना मात्र सगळं नाटक तोंडपाठ होतं.

‘‘तुम्हीच उभे राहा,’’ सर म्हणाले.

‘‘मी? माझी भाषा अशी गावची...’’

‘‘बाप शिरवण्याचा आहे असं समजू!’’

प्रयोगाला देवजींची बायको गोजरा गावातल्या बायका घेऊन आली. मुलगा कान्हाही आला, पण लांब, खांबाला टेकून उभा राहिला. जूनमध्ये तो मॅट्रिकला नापास झाला होता आणि तेव्हापासून देवजींनी त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं.

शेवटचा प्रवेश आला. समोर घामाघूम झालेला मुलगा मान खाली घालून उभा. देवजींनी तोंड उघडलं आणि ते वाक्य काही केल्या बाहेर येईना. जवळपास हेच शब्द ते जूनमध्ये घरात बोलले होते. मंडपात चुळबुळ सुरू झाली. देवजींनी वाकून चेंडू उचलला, बांबूला बांधलेल्या रिंगकडे भिरकावला. तो रिंगच्या हातभर बाजूने जाऊन तबलजीच्या मांडीवर पडला.

‘‘मना बी नाय जमला,’’ देवजी म्हणाले. ‘‘चल घरा. आयशीनं जेवन केलंय.’’

टाळ्यांनी मंडप दणाणला. सर मात्र विंगेत लालबुंद.

दुसऱ्या दिवसापासून सेक्टरमध्ये दोन पक्ष पडले. दुधाच्या केंद्रावर अरविंदराव काळे तावातावाने म्हणाले, ‘‘नाटकाची धारच घालवली! बाप कडकच हवा.’’

मागे उभ्या अरुणाताई म्हणाल्या, ‘‘कडक बाप घरी रोज बघतो आम्ही. त्यासाठी मंडपात कशाला जायचं?’’

शिरवण्यात वाद वेगळाच. गोजराबरोबर नाटकाला आलेल्या शेवंताबाईंना बापाशी कर्तव्य नव्हतं. ‘‘हातातला मासा दुसऱ्याच्या टोपलीत टाकला त्या पोऱ्यानं, याला काय म्हनायचा?’’ त्यांना पास म्हणजे काय ते समजावता समजावता देवजींचा चहा गार झाला.

वाद इतका पेटला की मंडळाला रविवारी संध्याकाळी पुन्हा प्रयोग लावावा लागला. सर रुसलेलेच होते. ‘‘या वेळी लिहिलेलं म्हणाल?’’ त्यांनी विचारलं. देवजींनी कानाला हात लावून कबूल केलं.

रविवारी मंडपाच्या कनाती काढाव्या लागल्या, इतकी माणसं आली. शेवटच्या प्रवेशाला तर मंडपच बोलू लागला. ‘‘हाकला त्याला!’’ इकडून. ‘‘जवळ घ्या हो!’’ तिकडून. देवजींनी डोळे मिटले आणि जसंच्या तसं म्हटलं, ‘‘माझ्या घरात हरणाऱ्याला जागा नाही.’’ आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात बायकांतून गोजरा ताडकन उभी राहिली. ‘‘मंग मी बी नाय येत घरा! रांधा तुमचा तुमी!’’

जो काही हशा उसळला! अरविंदराव खुर्चीचा हात धरून हसत होते. देवजी ना आत, ना बाहेर. त्यांनी घाबरून विंगेत पाहिलं, तर सर चष्मा काढून डोळे पुसत होते. ‘‘जा, जा परत,’’ ते कसेबसे म्हणाले, ‘‘वहिनींचं ऐका!’’

देवजी परतले आणि त्यांनी नाटकातल्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला. तेव्हा कुठे पडदा पडला.

घरी जाताना बसमध्ये गोजरा खिडकीशी बसली. देवजी आणि कान्हा दांडीला धरून शेजारी शेजारी उभे. मग देवजींनीच विचारलं, ‘‘तुला कोनचा बरा वाटला? पयला का आजचा?’’

कान्हा चमकला. बापाने तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचं मत विचारलं होतं.

‘‘पयला.’’

‘‘का रं?’’

‘‘बॉल टाकलास ना. पन कोपर बाहेर जातो तुजा, म्हनून चुकतो.’’

‘‘कोपर?’’ देवजींनी बसमध्येच हात वर करून पाहिला. ‘‘आसा?’’

‘‘आसा नाय, आत घे,’’ म्हणत कान्हाने त्यांचं कोपर धरून नीट केलं. कंडक्टर ओरडला, ‘‘ओ काका, दांडी धरा!’’ तरी देवजींनी हात खाली घेतला नाही.