चार बोटं वर
बाभूळ करवतल्याचा वास आला की कर्जतकडच्या धरणाच्या पाण्यातली ती सकाळ आठवते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या मासेमारीच्या बोटीचा पंखा धरणात बुडालेल्या आमच्याच जुन्या गावाच्या भिंतींवर आपटायचा. दोन पंखे मोडले होते. बोटीच्या मागं टांगलेलं इंजिन बटणावर वर-खाली करणारी हायड्रॉलिक प्लेट बसवू, असा माझा हट्ट. वडील म्हणाले, “काय गरज न्हाई. चार बोटं उचललं की बास.” त्यांनी बाभळीची फळी करवतून बोटीच्या मागच्या काठावर ठोकली आणि इंजिन तेवढंच वर बसवलं. मी धाकधुकीतच बोट सोडली, आणि ती सगळ्या गावावरून कुठंही न घासता सुसाट गेली. मधेच वडील ताठ उभे राहिले. “बघ, आपल्या गोठ्यावरून चाललोय.” आज माझ्या बोटीला ती प्लेट आहे, पण इंजिन चार बोटं वर आलं की अंगठा बटणावरून आपोआप उठतो.