काचेवरच्या जास्तीच्या सहा पेशी

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आले ते टिंगल करायला. माझा नवरा नितीन जेवताना इथले अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मी घास तोंडात धरून प्रत्येकाचं कारण सांगायचे... वायरिंग, उंदीर, ताप, नाहीतर दारू. माझं कामच तसलं. दिसेल ते मोजायचं, दिसलं नाही ते लिहायचं नाही. म्हणूनच हे लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. नावं बदललीयत. लॅबचं नाव कृपया विचारू नका.

राहायला मी डोंबिवली वेस्टला. लॅब माजिवड्याला, फ्लायओव्हरच्या जवळच्या एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. मोठागावच्या पुलावरून स्कूटीने जाते. लॅबमध्ये आमचे सर, मी आणि प्राजक्ता, एवढीच माणसं त्या कामावर.

काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरत राहतात. फार थोड्या. नळीभर रक्तात चार, पाच, कधी एकही नाही. त्या आम्ही वेगळ्या काढतो, केमिकलने पक्क्या करतो, काचेच्या स्लाइडवर बसवतो, चमकणाऱ्या हिरव्या रंगाने एकदाच रंगवतो, फोटो काढतो आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून देतो. पुढे कधी औषध लागू पडेनासं झालं, तर ती साठवलेली पेशी उचलून तिचे जीन्स तपासता येतात.

आणि हे नीट लक्षात घ्या — केमिकल लागलं की पेशी मेली. ती वाढत नाही, हलत नाही. फार तर काचेवरून सुटते. म्हणजे आकडा कमी होऊ शकतो, वाढू शकत नाही.

सुमनकाकू बाळकुमच्या. साठीच्या, ठसठशीत. सासरचं घराणं जुनं, एकेकाळी मिठागरावर राबलेलं, आता त्यांच्याच जमिनीवर टॉवर उभा आहे. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या स्लाइडवर सहा पेशी मिळाल्या. साठवलेल्या पेशी किती दिवस चांगल्या राहतात हे आम्हाला पाहायचं होतं, म्हणून सरांनी त्यांचीच स्लाइड निवडली. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढायची, स्कॅन करायची, परत ठेवायची. काकूंची परवानगी घेतलेली होती.

पहिल्या स्कॅनला सहा. दुसऱ्याला सहा. तिसऱ्याला सात.

मला वाटलं, आधी एक माझ्या नजरेतून सुटली असेल. आमच्याकडे प्रत्येक पेशीची काचेवरची जागा नोंदलेली असते. मी जुना फोटो उघडला, त्याच जागेवर गेले. तिथे काळं. काहीच नाही. सरांना दाखवलं.

"फोकस गेला असेल गं त्या वेळी," ते म्हणाले.

"सर, शेजारची रक्तातली पांढरी पेशी दोन्ही फोटोंत स्वच्छ दिसतेय."

ते दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघायला लागले.

चौथ्या स्कॅनला नऊ झाल्या. आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले... आकड्यामुळे नाही, रंगामुळे. रंग एकदाच लावलेला, दीड-दोन महिन्यांपूर्वी. काकूंच्या सहा पेशी फिकट पडत चालल्या होत्या, तशा त्या पडतातच. नवीन तीन मात्र हिरव्यागार. आत्ता रंगवल्यासारख्या. सकाळचे अकरा वाजलेले, खाली ट्रॅफिकचे हॉर्न, आणि मी स्कॅनरच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

सरांचा साहजिकच आमच्या हातांवर संशय. म्हणाले, कुठली तरी दुसरी स्लाइड मिसळतेय. त्यांनी त्या काचेला वेगळा डबा दिला, डब्याला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात. पुढच्या स्कॅनच्या आठवड्यात मी चुलतबहिणीच्या लग्नाला चिपळूणला गेलेले. सरांनी स्वतः डबा उघडला, प्राजक्ताने स्कॅन केलं. मंडपात मला तिचा फोन आला. हळदीच्या गाण्यांच्या आवाजात मी कानावर हात दाबून ऐकत होते.

"बारा आहेत," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "मला नको हे काम. मी सरांना सांगणार आहे."

मी परत आल्यावर दोन-तीन दिवसांतच सुमनकाकू फॉलोअपचं रक्त द्यायला आल्या. रक्त देऊन झालं तरी उठेनात.

"गो पोरी, माज्या पेशी तुमी ठेवल्यात ना? मना बगायच्या हाईत."

पेशंटला असं दाखवत नाही आम्ही. पण सर म्हणाले, दाखव. मला वाटतं, कुणीतरी बाहेरच्याने ते पाहावं असं त्यांनाही वाटत होतं. मी स्क्रीनवर शेवटच्या स्कॅनचे बारा फोटो लावले. मुद्दाम सरमिसळ करून, रंगाची चमकसुद्धा सगळ्यांची सारखी करून. नवी कुठली, जुनी कुठली, हे मलाही नुसतं बघून सांगता आलं नसतं. काकूंना तर काही माहीतच नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला, पुढे सरकल्या आणि बोट ठेवायला लागल्या.

"ही माजी. ही माजी. ही..."

सहा झाल्यावर त्या थांबल्या. मी फाइलमधले नंबर ताडून पाहिले. नेमक्या त्याच सहा. पहिल्या दिवसाच्या.

"आणि या बाकीच्या, काकू?"

त्यांनी बोट मागे घेतलं आणि हात पदरात गुंडाळला, चटका बसल्यासारखा. "या नाय माज्या."

"कशावरून?"

"दीड वरीस माज्या आंगात व्हत्या त्या. मी नाय वळखनार?" मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि दारातून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या कुना बाईच्या हाईत गो. तिला ठावं नाय. जिच्या आसतील तिला बेगीन सांगा."

मी हसले. खरंच हसले.

सरांनी मग बाराच्या बारा पेशी उचलून जीन्सच्या तपासणीला बाहेरगावी पाठवल्या. एकदा का पेशी उचलली की ती संपते, तिच्या आतलं सगळं काढून वाचलं जातं. म्हणजे काच आता रिकामी. रिपोर्टला महिना लागला. त्या महिन्यात मी नीट जेवले नाही. नितीनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, मिक्सअप असेल. तूच तर मला असं सांगतेस ना नेहमी?" मला त्याचा राग आला... आणि कळलं, मी इतकी वर्षं लोकांना किती राग आणत असेन.

रिपोर्ट आला. सहा पेशी एका बाईच्या — सुमनकाकूंच्या रक्ताशी जुळल्या. उरलेल्या सहा दुसऱ्या बाईच्या.

लॅबमधल्या कुणाच्या पेशी चुकून पडल्या का, हे बघायची रीत आहे. सरांनी तिघांच्या गालाच्या आतला नमुना घेतला — स्वतःचा, प्राजक्ताचा, माझा. दहा-बारा दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, एसी चालू असून पंखाही लावला.

"तुझ्याशी जुळतंय," ते म्हणाले.

"म्हणजे माझ्या हाताची कातडी पडली असेल, सर. ग्लोव्ह फाटला असेल..."

"कातडी असती तर मीही तेच म्हटलं असतं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, पण बोट त्यावरच ठेवलं. "जीन्समधले हे बिघाड कातडीच्या पेशीत नसतात. तू रोज बघतेस हे. तूच सांग."

मी वाचलं. रोज बघते मी ते. कॅन्सर झालेल्या लोकांचे कागद असतात ते.

"तपासून घे," सर म्हणाले. "आजच जा."

मला गाठ लागत नव्हती. दुखत नव्हतं, काहीच होत नव्हतं. कल्याणला सोनोग्राफी केली, तिथल्या डॉक्टरीणबाई एकाच जागी प्रोब फिरवत राहिल्या. डाव्या बाजूला, आत खोल, वाटाण्यापेक्षा लहान. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं कसं? हे हाताला लागणारच नाही." मी काय सांगणार होते?

ऑपरेशन झालं. गाठ अगदी सुरुवातीची होती. काढलेल्या गाठीतही तेच बिघाड निघाले, अक्षरशः तेच. ऑपरेशनच्या आधी आमच्याच लॅबमध्ये माझं रक्त तपासलं, दोन वेळा. त्यात एकही पेशी सापडली नाही. शून्य. म्हणजे ज्या माझ्या रक्तातही नव्हत्या, त्या कुलूपबंद डब्यात, उणे ऐंशीला, दुसऱ्या बाईच्या काचेवर... मी चिपळूणला असताना सुद्धा.

सगळे म्हणतात देवाने वाचवलं. आई कुलदैवताला जाऊन ओटी भरून आली. मी वाचले हे खरंच आहे. पण मला उपकार वाटत नाहीत, मला भीती वाटते. ते जे काही होतं त्याला मी सापडावं असं वाटत होतं, की ते आपलं आपण कुठेतरी जमा होत होतं आणि मध्ये आम्ही पाहिलं? सुमनकाकूंना मी फोनवर सांगितलं की त्या पेशी माझ्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "मना त्या दिवशीच वाटला व्हता. पन तुज्या तोंडावर कसा सांगू?" आणि रडल्या.

मी आता दुसऱ्या विभागात काम करते. गोळ्या चालू आहेत, तपासण्या आजवर स्वच्छ. कुणाकडे कारण असेल तर सांगा. मी प्रत्येक कारण स्वतः तपासलंय, सरांनीही तपासलंय. सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात प्राजक्ताकडून कळलं की सरांनी ती रिकामी काच परत स्कॅन केली. एकट्याने, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, काच रिकामी होती ना?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. "पुढची तपासणी कधी आहे तुझी?"

"अजून तीन महिने आहेत. सर, मी काय विचारतेय?"

"तीन महिने थांबू नकोस," ते म्हणाले.