पोटाखालचा हात

मी सांगतोय आणि नात टाईप करतेय. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकी जबाबदारी माझी.

कळंबला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार बंद पडली की लोक माझ्याकडं आणायचे. उघडली की आत कारण सापडायचंच – तार जळालेली, नाहीतर बेअरिंग गेलेलं. ‘कुणीतरी करणी केली’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चहा पाजून हसत घालवायचो. भुताखेतांवर, करणीवर माझा विश्वास किती, ते यावरनं समजून घ्या. तरी ही एक गोष्ट...

साठ-एकसष्टचा सुमार. आमचं मूळ गाव जळकोट, तुळजापूर तालुक्यातलं, हैदराबाद रस्त्यावरचं. मॅट्रिक होऊन मी घरीच होतो. दोस्त दत्तू सोलापूरला कॉलेजात. तो म्हणाला, “मुंबई बघून येऊ. समुद्र बघू, जहाजं बघू.”

“खर्चाचं काय?”

“धर्मशाळेत झोपू, पायी फिरू. भाकरी घरनं न्यायची.”

सोलापूरच्या जुन्या बाजारातनं मिलिटरीच्या पाठीवरच्या दोन खाकी पिशव्या घेतल्या. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. धर्मशाळेत सामान ठेवायची भीती वाटायची, म्हणून सतरंजी, कपडे, तांब्या, भाकरी... सगळा संसार दिवसभर पाठीवर. पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले होते.

पण मजा केली. राणीचा बाग पाहिला, चौपाटीवर चप्पल हातात घेऊन चाललो, हौस म्हणून एकदा ट्रामनं गेलो. दत्तूला जहाजांचं वेड. गोदीच्या भिंतीवरनं नुसती धुराडी दिसायची, त्यांच्या रंगावरनं तो जहाज कुठल्या देशाचं ते ठोकून द्यायचा. मी मान डोलवायचो. दोघांनाही त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

बुधवारी दुपारी आम्ही गेटवेला गेलो. तिथं पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. ओहोटी होती, खालच्या पायऱ्या उघड्या पडून हिरव्यागार झाल्या होत्या. पाय भाजत होते, म्हणून मी धुवायला खाली उतरलो. दत्तू वरनं म्हणाला, “शेवाळ आहे, जपून.” तेवढ्यात पाय सटकला आणि मी सरळ पाण्यात.

मला पोहता येत नव्हतं. पाठीवर पिशवी. पट्टे काढायला गेलो तर हात अडकले. नाकातोंडात खारं पाणी गेलं, वरचा उजेड हिरवा होत होत लांब गेला. मी मेलो, एवढंच मनात आलं.

आणि मग पोटाखाली हात आला.

हात म्हणजे हातच. पसरलेला पंजा, बोटं वेगवेगळी कळत होती. त्यानं मला खालनं वर उचललं आणि आवाज आला – “पाय हाण रे, पाय हाण.”

तो आवाज मी ओळखला. महेबूबचाचांचा. आमच्या शेजारचं शेत त्यांचं, विहीर दोघांत एक. गावातली निम्मी पोरं त्यांनी त्या विहिरीत पोहायला शिकवली, पोटाखाली असाच हात धरून. मी पहिल्याच दिवशी पाणी पिऊन पळालो होतो, परत गेलोच नाही.

मी पाय हाणले. पायरी हाताला लागली, दत्तूनं कॉलर धरून ओढलं. जवळच एक होडीवाला होता. तो म्हणाला, “पोहता येतंय की. फळीवर ठेवल्यासारखा येत होतास. मग तुझ्या दोस्तानं बोंब कशाला मारली?” दत्तू रडत होता. त्याला पाण्यात माझ्याशिवाय कुणी दिसलं नव्हतं.

हाताचं आणि आवाजाचं मी दत्तूलाही सांगितलं नाही. परतताना तो सोलापूरला उतरला, मी एकटा एसटीनं जळकोटला आलो. घरात चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. महेबूबचाचा बाभळीखाली बसले होते, उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. चाची भाकरी वाढत होत्या. मला बघून चाचा म्हणाले, “लई जड झालास रे तू.”

मी जवळ जाऊन बसलो.

“पाठीवर काय बांधलं होतंस? पोरं डबा बांधतेत, त्यो वर तरंगतो. तुझं तर खाली वढत होतं.”

चाची म्हणाल्या, “बुधवारी दुपारी भाकर घिऊन आले, तर हे विहिरीच्या पायरीवर पालथे पडून. खांद्यापत्तोर हात पाण्यात. पाय हाण, पाय हाण म्हणत होते. मला वाटलं कुणाचं पोरगं पडलं. बघते तर विहिरीत कुणीच न्हाय. तवापासनं हात वर हुईना.”

मग मी सगळं सांगितलं. गेटवे, शेवाळ, पिशवी.

“चाचा, तुम्हाला कसं कळलं?”

“मला काय बी कळलं न्हाय. हाताला वजन लागलं. तुझं हाय एवढं वाटलं. मग सोडायला मन झालं न्हाय.” डाव्या हातानं भाकरी माझ्याकडं सरकवत म्हणाले, “अल्लाची मेहेर. जेवलास का?”

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, रागावेल. तिनं नुसतं माझ्या तोंडाकडं पाहिलं, करडईच्या तेलात ओवा टाकून ते चुलीवर गरम केलं आणि वाटी माझ्या हातात दिली. “जा, तू चोळून ये.”

संध्याकाळी चाचांच्या अंगणात बसून मी तो हात चोळला. काखेपासनं मनगटापर्यंत तो ताठ झाला होता. चाचा डोळे मिटून म्हणत होते, “जरा जोरानं.” आठवडाभर रोज गेलो. हात वर झाला तेव्हा चाचींनी गूळ वाटला.

आज चाचा नाहीत, दत्तूही नाही. मुंबई कुठं, जळकोट कुठं, आणि विहिरीतलं पाणी समुद्राला कुठं मिळतं... मी जिवंत राहिलो आणि त्यांचा हात बरा झाला, एवढंच मला पक्कं ठाऊक आहे.