चिंचेने घासलेला क्लॅरिनेट

ते प्रकरण आठवलं की आजही माझ्या बोटांना चिंचेचा वास येतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जाफराबाद भागातल्या एका ठाण्यावर मी अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, म्हणून नवाच लागलो होतो. बायको माहेरी, जेवण जमादाराच्या घरून, आणि संध्याकाळी बोलायला ठाण्याच्या अंगणातली घोडी. कुणी फिर्याद घेऊन आलं तरी मला पाहुणा आल्यासारखं वाटे.

अशातच खबऱ्याने बातमी आणली. एका जहागीरदाराच्या घरातून त्या पावसाळ्यात चांदीच्या चाव्यांचा विलायती क्लॅरिनेट चोरीला गेला होता. तसाच एक बाजा टेंभुर्णीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरात खुंटीला टांगलेला आहे, असं तो म्हणाला. मी लगेच घोडीवर खोगीर चढवलं.

बाजा सापडला. काळं लाकूड, काळ्या पडलेल्या चाव्या, खालच्या रुंद तोंडाशी लालसर मळ. मी तो जाणकारासारखा हातात फिरवला. क्लॅरिनेट मी तोवर फक्त वरातीत आणि तोही लांबून पाहिला होता, पण पंचांसमोर तसं सांगता येतं होय?

"चांदीच अशी काळी पडते," मी म्हणालो. पंचांनी माना डोलावल्या. पंचनाम्यात मी लिहिलं: माल विलायती, चाव्या चांदीच्या, किंमत भारी, तोंडाशी मळ.

ठाण्यावर म्हाताऱ्याला समोर बसवलं.

"कुठून आणलास?"

"भावाचा हाय, साहेब. जालन्याच्या छावणीत बँडात व्हता. छावणी उठली तवा गोऱ्या साहेबानं दिल्ता."

"भाऊ कुठंय?"

"गेला. लई वर्सं झाली."

"मग वाजवून दाखव."

"मला न्हाई येत."

"वाजवता येत नाही, तर ठेवलास कशाला?"

"मंग काय फेकून देऊ?"

हे मी उद्धटपणात जमा केलं आणि त्याला कोठडीत घातलं. गुन्हा उघडकीला आला, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात मोहतमीमसाहेब, म्हणजे आमचे जिल्ह्याचे वरिष्ठ, तपासणीला यायचे होते. तपासणी म्हटली की ठाण्यात पट्ट्याच्या बकलापासून पाण्याच्या लोट्यापर्यंत सगळं घासून निघे. माझ्या डोक्यात आलं, मुद्देमालही लखलखला पाहिजे. संध्याकाळ रिकामीच होती. जमादार आणि मी चिंच नि राख घेऊन बसलो आणि तोंडापासून टोकापर्यंत बाजा घासला. चाव्या हळूहळू पिवळ्या झाल्या.

"साब, ये तो पीतल है."

"आहिस्ता बोलो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोरच जहागीरदाराचा कारभारी माल ओळखायला आला. बोटाने बाजा लांब सारत म्हणाला, "आमचा चांदीचा होता. हे पितळ घेऊन आम्ही काय वरातीत फिरायचं, अमीनसाहेब?"

मोहतमीमसाहेबांनी पंचनामा वाचला, बाजा पाहिला, मग मला पाहिलं. "चांदी?" एवढंच म्हणाले. जमादाराला अचानक खोकला आला.

म्हाताऱ्याला सोडलं. झळझळीत बाजा मी स्वतः त्याच्या हातात दिला. आभार मानील, अशी माझी अपेक्षा! त्याने बाजा उलटा केला आणि तोंडाशी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"कुंकू कुठंय, साहेब?"

"कसलं कुंकू?"

"खंडेनवमीला पूजा करायचा भाऊ. त्याचं शेवटचं बोट व्हतं हितं. मी वरून नुसतं फूल ठिवायचो. पुसल म्हून कधी बोट लावलं न्हाई."

मग तोच म्हणाला, "चमकिवला मात्र बराबर." टोमणा नव्हता तो. बाजा उपरण्यात गुंडाळून तो टेंभुर्णीच्या वाटेला लागला. घरी त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं. आता खुंटीवरही नव्हतं.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी एकही मुद्देमाल पुसू दिला नाही. हाताखालचे हसायचे, 'साहेबांना धूळ फार प्रिय.' हसू दे. माल कुठला, केवढ्याचा, हे ठरवायला बसलो की मी आधी मळ बघायचो.

आता निवृत्त आहे, घरात एकटा आहे. भांडी घासणारी बाई रोज देव्हाऱ्यातल्या समईवरून भांडते. "काळी ठिक्कर पडली हो, द्या घासायला." समईच्या दांड्यावर आमच्या हिच्या बोटाचं कुंकू आहे, हे तिला कसं सांगणार? मी अमीनाचा आवाज काढतो. "मुद्देमाल आहे. हात लावायचा नाही."