व्हॉल्व्हवरचा उंदीर

अ‍ॅसिड कुणाचं सोयरं नसतं, असं चिशिम्बा म्हणायची. चिंगोला शहरातल्या तांब्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबून लोकांची भीड चेपली होती. तिची चेपली नाही, कारण तिच्या नवऱ्याच्या मानेवर अ‍ॅसिडचा डाग होता. कबासो पूर्वी अ‍ॅसिडच्या पंपाशेजारी स्टुलावर बसून गेजचा काटा बघायचा. पाइप तुंबून दाब चढला की धावत जाऊन पंप बंद करायचा. एकदा धावायला उशीर झाला.

मग प्रेशर सेन्सर आले. दाब चढला की पंप आपोआप बंद; तिथे माणूस बसवायची गरजच उरली नाही. पण मेले सेन्सर टिकेनात! त्यांच्या तोंडावरचा पातळ पडदा अ‍ॅसिड कुरतडून टाकायचं आणि ते खोटंनाटं सांगू लागायचे. त्यांची देखभाल चिशिम्बाकडे होती. शेवटी प्लांटचे साहेब सिल्वाम्बा तिला म्हणाले, "खोट्या सेन्सरपेक्षा खरा माणूस बरा, बाई. आता हा शेवटचा. हाही गेला, तर स्टूल पुन्हा मांडायचं."

स्टूल गोदामातून बाहेरही आलं आणि पंपाजवळ भिंतीला टेकून वाट बघत राहिलं. कोण बसणार हे विचारायला नको होतं. तो पंप कबासोकडेच होता.

चिशिम्बाने कंबर कसली. तिने सेन्सर पाइपच्या खाली, एका वाकड्या नळीच्या तळाशी उतरवला आणि नळीत अ‍ॅसिडला दाद न देणारं जड तेल भरलं. तेल तळाला बसणार, अ‍ॅसिड वर तरंगणार. दाब तेलातून पोचेल, अ‍ॅसिड मात्र पडद्याला शिवणार नाही. झकास युक्ती होती. तरीही थोड्याच दिवसांत पडद्यावर काळे ठिपके दिसले.

त्या दुपारी मक्याच्या न्शिमाचा घास तिच्या हातातच राहिला.

"खा गं," कबासो म्हणाला. "स्टूल मला काय नवं आहे?"

"गप्प बसा. तुमची मान मी रोज बघते."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना ती सेन्सरपाशीच ठाण मांडून बसली. खालच्या फरशीवर एक तेलकट डाग होता. पाणी ओतलं तरी भिजेना. एवढ्यात म्हातारे पंपवाले जेरे आले. रबरी हातमोजे चढवले, सेन्सरखालचा व्हॉल्व्ह उघडला, नळीतलं भळभळ वाहू दिलं आणि समाधानाने व्हॉल्व्ह बंद केला.

"अहो, हे काय करताय?"

"गाळ सोडतोय. बॉयलरवर होतो तेव्हापासूनची शिस्त आहे. पाळीवर आलं की आधी नळी मोकळी करायची. इथल्या सगळ्यांना मीच शिकवलंय."

म्हणजे प्रत्येक पाळीला कुणीतरी इमानेइतबारे तिचं तेल गटारात सोडत होतं! व्हॉल्व्हला हात लावू नका, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. माना डोलल्या होत्या, पण हाताची सवय मानेचं ऐकत नाही.

वडीलधाऱ्यांना बोलायचं कसं? पण जेरे न्गोनी जमातीचे होते आणि ती बेंबा जमातीची. एके काळी दोन्हीकडचे आजे-पणजे एकमेकांशी लढले, म्हणून आता नातवंडांना एकमेकांची वाट्टेल ती थट्टा करायचा हक्क. प्रेतापाशीसुद्धा टोमणे चालतात, आणि रागावेल तो मूर्ख. न्गोन्यांना उंदीर खाण्यावरून चिडवायचं, बेंबांना माकडं खाण्यावरून.

"उंदीरखाऊ कुठले! माझं तेल सांडलंत!"

"बोलली बघा माकडखाऊ! तुझं तेल असेल, पण व्हॉल्व्ह माझा."

नुसत्या तोंडाने काम होणार नव्हतं. तिने नव्याने तेल भरलं, बाजारातून काडीला टोचलेला एक वाळका उंदीर आणला आणि व्हॉल्व्हच्या दांडीला तारेने करकचून बांधला.

सकाळी पाळीवरची माणसं पोट धरून हसली. जेरे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हा कुणाचा चावटपणा?"

"तुमची न्याहारी राखून ठेवलीये, बा जेरे. दांडी फिरवलीत तर पडेल हं."

रागावायची सोय नव्हती आणि हसू तर फुटत होतं. जेरेंनी हातमोजे काढले. मग मात्र त्यांना चेवच चढला. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते दरडावू लागले, "माझ्या उंदराला कुणी हात लावायचा नाही!" तेल नळीतच राहिलं, आणि पडद्यावर नवा ठिपका उठला नाही.

पाऊस सरत आला असताना एका सकाळी पाइप तुंबला. भोंगा किंचाळला, पंप जागच्या जागी थांबला. तरी एक जोड सुटलाच आणि अ‍ॅसिडची चूळ थेट भिंतीला टेकलेल्या स्टुलावर पडली. चिशिम्बा धापा टाकत पोचली, तेव्हा स्टुलाच्या बैठकीचं लाकूड काळं पडून धुमसत होतं. कबासो कॅन्टीनमध्ये मुन्कोयोचा पेला हातात धरून गप्पा मारत होता. ती रडली, हसली आणि पुन्हा रडली. असा आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

"सगळ्या पंपांवर असंच बसवा," सिल्वाम्बा म्हणाले. "आणि हे स्टूल फेकून द्या."

"आधी माझ्या उंदराचं बघा!" जेरे गरजले. "न्गोन्यांच्या उंदराने माकडखाऊ बाईचा नवरा वाचवला!"

उलट टोमणा ऐकायला सगळ्यांनी कान टवकारले. चिशिम्बा मात्र सर्वांसमोर त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि ओंजळीने हळू टाळ्या वाजवू लागली. असा मान बेंबांच्या घरी बापाला देतात, थट्टेच्या न्गोन्याला कधीच नाही.

जेरेंनी वाकून तिला हाताला धरून उठवलं. त्या दिवशी त्यांना एकही टोमणा सुचला नाही.