मिस्त्री जीपपुढं उभा राहायचा

युनूस मिस्त्रीला फसवलं ते सोयगावच्या एका रस्ते-ठेकेदारानं. मी चार पावलांवर उभा होतो, म्हणून सांगतो. दीड महिना झाला, तरी त्याच्या मोहल्ल्यात, शहागंजात, लोक म्हणतात, म्हातारपणी मिस्त्रीचा हात चुकला. हे खोटं त्याच्या बायकोच्या, सुघराभाभीच्या कानावर रोज पडतं.

मी जुन्या जीप विकतो. फौजेच्या लिलावात घ्यायच्या, युनूसकडून दुरुस्त करून घ्यायच्या आणि विकायच्या. पंक्चर काढण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. घासाघीस माझी नावाजलेली आणि तोंड त्याहून. युनूसशी बावीस वर्षं भांडलो ते एकाच गोष्टीवरून, आयडलिंगवरून. पाय न देता उभ्या जीपचं इंजिन किती वेगानं फिरावं, हे कार्बोरेटरवरचा एक बारका स्क्रू ठरवतो. तो आवळला की थकलेलं इंजिनही तरणंबांड वाटतं आणि गिऱ्हाईक भुलतं. मी म्हणायचो, "मिस्त्री, अर्धा वळसा आवळा की! तुमच्या बापाचं काय जातंय?" तो मान न उचलता म्हणायचा, "शेठ, इंजन हौले बोलना. चिल्लाए तो समझो, झूठ बोल रा."

लांब पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले... असा तो ऐकत राहायचा. वेग जमला की स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत कानशीनं एक सरळ रेघ ओढायचा. पुढं कुणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. मग जीप भिंतीकडं तोंड करून लावायची, स्वतः भिंत आणि जीप यांच्या मधे उभं राहायचं आणि ड्रायव्हरला दुसऱ्या गिअरमध्ये एकदम क्लच सोडायला सांगायचं. नीट लावलेलं इंजिन अशा वेळी आचका देऊन बंद पडतं. जीप वीतभर पुढं यायची, थांबायची, आणि मिस्त्री दोन दिव्यांच्या मधे तळहात टेकवून हसायचा. सुरुवातीला ही त्याची स्वतःपुरती खात्री होती. तिचा तमाशा मी केला. गिऱ्हाइकाला चहा देऊन समोर बसवायचो, "बघा, माणूस जीव लावतो आमच्या मालावर!" सौदा तिथंच व्हायचा.

त्या ठेकेदारानंही हे पाहूनच जीप घेतली होती. दोन महिन्यांनी त्याचा निरोप आला, जीप लई पेट्रोल पिते. आम्ही सकाळच्या गाडीनं सोयगावला गेलो. जीप त्याच्या गोदामाच्या दगडी भिंतीसमोर उभी, इंजिन चालू. मिस्त्रीनं लांबूनच मान वाकडी केली.

"ऊंचा बोल रा. स्क्रू को हाथ लगाया क्या किसी ने?"

"नाय हो मिस्त्री, कुणी हात बी लावला नाय," ठेकेदार म्हणाला. स्टिअरिंगवर बसलेला त्याचा ड्रायव्हर खाली बघत होता. "तुम्हीच लावलंय ना? मग राहा की उभं, तिथं राहिला होता तसं! का शेठ असला तरच हिंमत व्हती?"

"शेठ आताही आहे," मी म्हणालो. चारचौघं हसले. आवाज चढा आहे हे मलाही कळत होतं. पण बॉनेट उघडलं, खोट निघाली, तर जीप परत माझ्या गळ्यात पडेल, म्हणून मी गप्प राहिलो... मिस्त्री भिंतीपाशी गेला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "छोड."

इंजिन बंद पडलं नाही.

माणसं मिस्त्रीचं प्रेत घेऊन गेल्यावर मी बॉनेट उघडलं. रेघेचे दोन तुकडे एकमेकांकडं पाठ करून होते. ठेकेदारानं ते पाहिलं आणि माझ्या हातातून बॉनेट घेऊन लावून टाकलं.

ती जीप मी परत आणली, कुणाला दाखवायला पुरावा हवा म्हणून. क्रांती चौकामागच्या माझ्या आवारात ती भिंतीकडं तोंड करून उभी आहे. मागच्या आठवड्यात दुसरा एक मेकॅनिक बोलावला. स्क्रू सोयगावात होता तसाच ठेवून, पुढं कुणी नसताना, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायला लावला. जीप वीतभर आली आणि बंद पडली. स्क्रू आणखी एक वळसा आवळला. वीतभर, बंद. पार शेवटपर्यंत आवळला, इंजिन किंचाळत होतं, भर दुपारी रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली... तरी तेवढंच अंतर, आणि बंद. मेकॅनिकनं हत्यारं गोळा केली, हात पुसले नाहीत, मजुरी मागितली नाही. मी पुढं जाऊन पाहिलं. तासभर तापलेल्या त्या जीपचं तोंड भाजत होतं. फक्त दोन दिव्यांच्या मधे, तळहाताएवढी जागा गार होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. गप्प राहिल्याचं माझं पाप मी भाभीसमोर बसून कबूल करून आलो. तिनं एवढंच विचारलं, "मतलब, उनका हाथ चूका नहीं था ना?" मी सांगितलं, नव्हता चुकला. पण शेजारीपाजारी म्हणतात, शेठ आपला माल वाचवतोय. माझ्या शब्दाला ही किंमत मीच आणली आहे, तक्रार नाही.

म्हणून ठेकेदार, हे तुला लिहितोय. वकील आणू नकोस, मधला माणूस पाठवू नकोस. तुझ्या ड्रायव्हरला घेऊन शहागंजात ये, भाभीच्या दारात उभा राहा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांग: मिस्त्रीनं विचारलं तेव्हा तू खोटं का बोललास?